दुसऱ्या टोकाकडून वाचा

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरचं एक पान अजून चिकटवलेलं आहे, कोरी पाठ वर करून. त्यावर माझ्या आईचं नाव आहे, वडिलांचं आहे, आत्याचं आहे, मामाचं आहे, आणि या सगळ्या नावांमधून लाल-निळे बाण गेलेत. मागच्या दिवाळीत रंगारी आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, तेवढी भिंत राहू द्या. आमचे मालक जमादारसाहेब माझ्यावर वैतागले. वैतागू देत. ते पान गड्डम मॅडमनी काढलंय. ते कित्येक महिने माझ्या डोक्यावर लटकत होतं आणि मी ते एकदाही नीट वाचलं नाही. त्या न वाचण्यापायी एका पोरीच्या जिवाशी खेळ होता होता राहिला. तेव्हा पान राहणार.

शकुंतला गड्डम. साखर पेठेत घर. घरात तेलुगू, ऑफिसात मराठी, जमादारसाहेबांशी दखनी, आणि कॉम्प्युटरशी पायथन. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवण्यात सगळी नोकरी गेली, निवृत्त झाल्या आणि घरी बसवेना म्हणून अशोक चौकाजवळच्या आमच्या ऑफिसात आल्या. ऑफिस म्हणजे वेबसाइटी बनवायची, टॉवेलच्या दुकानाच्या वरची एक खोली. बारीक अंग, काठाची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत थर्मास. त्या थर्मासात चहा नसायचा, गरम पाणी असायचं. चहाला त्या वेळ घालवायचं पाणी म्हणत, आणि आम्ही तो पीत असताना घड्याळाकडं असं बघत की घोट घशातच अडकावा.

त्या सगळ्यांना अहो-जाहो करत. मला, खालच्या दुकानातल्या हमालाला, एवढंच काय, कॉम्प्युटरलासुद्धा. "हे काय म्हणतायत ते ऐकू या आधी," असं म्हणून त्या लाल अक्षरांसमोर बसत. पायथनचा प्रोग्रॅम अडकला की पडद्यावर लाल अक्षरांची लांबलचक रांग येते. आम्ही बाकीचे ती न वाचताच उचलून इंटरनेटवर टाकायचो आणि जगात आणखी कोण रडलंय ते शोधायचो. मॅडम ती रांग वाचत, तीही खालून वर, पडद्याला बोट लावून, मोठ्यानं. खालच्या ओळीत काय झालं ते असतं, आणि वर सरकत गेलं की कुणामुळं झालं ते सापडतं, असं त्यांचं म्हणणं. पडद्यावर त्यांच्या बोटाचे ठसे असत. पुसले तर त्यांना चालत नसे.

मी पुण्यात चार वर्षं काढून सोलापूरला परत आलो होतो, त्यामुळं मला सगळं येत होतं. वडिलांचे गुडघे गेले, शेताकडं बघायला कुणी नाही, म्हणून मंद्रूपला घरी राहायचं आणि मोटारसायकलवर रोज ऑफिसला यायचं, असं ठरलं होतं. आल्याबरोबर मला जे काम मिळालं ते रक्तदात्यांच्या एका संस्थेचं होतं. थॅलेसेमिया झालेल्या पोरांच्या अंगात रक्त नीट तयारच होत नाही. त्यांना दर तीनेक आठवड्यांनी बाहेरून रक्त चढवावं लागतं, आणि ते चुकवून चालत नाही. संस्थेनं एकेका पोराला पाच-सात दाते जोडून दिले होते. कुणाची पाळी कधी, बोलवायचं कुणाला, हे सगळं वहीत चालायचं. ते आम्ही वेबसाइटवर आणायचं होतं.

एक नियम तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावून सांगितला होता. जवळच्या रक्ताच्या नात्यातल्या माणसाचं रक्त या पोरांना द्यायचं नाही. कधीकधी ते अंगात जाऊन असं उलटतं की आवरता येत नाही, शिवाय पुढं हाडातला मगज बदलायची वेळ आली तर तेच नातेवाईक लागतात. म्हणून कोण कुणाचं कोण, हे प्रोग्रॅमला नीट ठाऊक पाहिजे, आणि रक्ताचं नातं दिसलं की त्या दात्याचं नाव त्या पोराच्या यादीत येता कामा नये. माझं काम एवढंच होतं. मला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे.

दुसऱ्याच दिवशी ठिणगी पडली. मी प्रोग्रॅममध्ये दोन टेबलं, म्हणजे माहितीचे दोन तक्ते, केले होते. एक माणसांचं, एक नात्यांचं. नात्याच्या प्रत्येक ओळीत दोन माणसं, दोघांचेही बाण त्याच माणसांच्या टेबलाकडं जाणार. पायथननं नकार दिला. त्याचं म्हणणं असं, की माणसाकडून उलटं नात्याकडं यायचं झालं तर तुझ्या दोन्ही वाटांचं नाव एकच होतंय, मी कुठली धरू? यावर एक सोपी पळवाट असते. एका बाणावर अधिकचं चिन्ह टाकायचं, म्हणजे पायथन ती उलटी वाट बंद करून टाकतो आणि गप्प बसतो. मी टाकलं. लाल अक्षरं गेली. मी खाली जाऊन चहा पिऊन आलो.

परत आलो तर मॅडम माझ्या खुर्चीत. हे अधिक कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, एरर जात नव्हता. त्या म्हणाल्या, एरर गेला, पण वाटही गेली. मग त्यांनी मला माझं आणि माझ्या आईचं नातं त्यात भरायला लावलं. सचिनची, म्हणजे माझी, आई कोण, असं विचारलं, नाव आलं. आता दुसऱ्या टोकाकडून विचारा, म्हणाल्या. आईला मुलं किती? पडदा कोरा. "मंद्रूपला फोन लावून कळवू या का आईंना?" त्यांनी शांतपणे विचारलं. खोलीतले सगळे फिदीफिदी हसले आणि माझं डोकं फिरलं. ते अधिक मी काढलं, दोन्ही वाटांना दोन वेगळी नावं दिली, आणि ती नावं त्यांना पसंत पडेस्तोवर दुपार गेली. त्या दिवसापासून ते वाक्य आमच्या मागं लागलं. काहीही करून दाखवा, बरोबर येवो की चूक, मॅडम म्हणायच्या, "दुसऱ्या टोकाकडून वाचा."

खोटी नावं टाकून प्रोग्रॅम तपासणं त्यांना मान्य नव्हतं. अबक आणि कखग यांना मामा नसतो, आत्या नसते, त्यांच्यात चूक सापडणार कुठून, असं त्या म्हणत. खरं खानदान पाहिजे. एका रविवारी त्या एसटीनं थेट मंद्रूपला आल्या. बाजाराचा दिवस होता, आई गडबडीत होती. मॅडमनी ओसरीवर बैठक मारली, पिशवीतून जुन्या कॅलेंडरची पानं काढली आणि आईला विचारायला सुरुवात केली. ही कोण, ती कुणाला दिली, त्यांचं माहेर कुठलं. आईनं अर्धा तास उत्तरं दिली आणि मग मला आत बोलावून विचारलं, "ही बाई पोलिसात हाय का रं?"

पण नंतर दोघींचं असं जमलं की बाजार राहिला बाजूला. आईनं आमच्या घरातलं साटंलोटं सांगितलं. माझ्या आईचा भाऊ विठ्ठलमामा, त्याला माझ्या वडिलांची बहीण दिली. म्हणजे जो माझा सख्खा मामा, तोच माझ्या आत्याचा नवरा. मॅडमनी त्याला दोन बाण काढले, एक लाल, एक निळा. लाल म्हणजे रक्ताचं आणि निळं म्हणजे लग्नाचं. मग त्यांनी स्वतःचंही सांगितलं. त्यांच्या माणसांत मामाशी लग्न होतं, आणि त्यांचा नवरा म्हणजे त्यांच्या आईचा धाकटा भाऊ. लहानपणी गड्ड्याच्या जत्रेत त्या त्याच्या खांद्यावर बसून फिरायच्या. "मामा होते तोवर मला खांद्यावर घेत होते. नवरा झाले आणि दहा पावलं पुढं चालायला लागले." आई पदर तोंडाला लावून हसली. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली होती, हे मॅडमनी अगदी शेवटी सांगितलं, चप्पल घालता घालता. त्या गेल्यावर आई म्हणाली, "लई चिकट बाई हाय. पण मानूस खरं हाय."

सोमवारी ते पान माझ्या टेबलाच्या वर भिंतीला लागलं. मला वाटलं, शोभेला आहे.

त्यांची आणखी एक सवय होती. आठवड्यातून एकदा त्या सगळ्या माहितीची नक्कल काढायच्या आणि त्या नकलेतला एक माणूस पुसून बघायच्या, त्याच्याबरोबर आणखी कोण जातं. एकदा त्यांनी एक डॉक्टर पुसला, तर त्याच्या हाताखालची सगळी पोरं यादीतून नाहीशी झाली. मी एका ठिकाणी असं लिहून ठेवलं होतं की ज्याच्यावर बाण टेकलाय तो गेला की बाणवालाही जावा. मॅडमनी मला जवळ बोलावून विचारलं, डॉक्टरांची बदली झाली तर पोरांनी काय करायचं? मी निमूटपणे दुरुस्त केलं. मनात मात्र म्हणालो, नक्कल तर आहे, एवढं काय. माझा स्वभाव तेव्हा तसाच होता. चूक दाखवली की मला चूक दिसायची नाही, दाखवणारा दिसायचा.

मग मॅडम हैदराबादला गेल्या. लेकीचं दुसरं बाळंतपण होतं, महिनाभर तरी लागणार होता. जाताना माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवून गेल्या: सगळं भिंतीवर आहे. मी चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली. त्या महिन्यात संस्थेचे जुने कागदी फॉर्म आले, तीनशेच्या वर. पोरांचे पांढरे, दात्यांचे पिवळे. ते मीच भरायला बसलो. एकच नातं दोनदा पडू नये म्हणून मी आपल्या हुशारीनं एक नियम घातला होता, की कुठल्याही दोन माणसांत नातं एकच. भरता भरता एका फॉर्मला लाल अक्षरं आली. या दोघांत नातं आधीच आहे, असं म्हणत होतं. पुढं आणखी एकाला आली. त्या दिवशी कुर्डुवाडीला मित्राची हळद होती आणि मला दुपारची गाडी पकडायची होती. मी एक ओळ लिहिली. नातं आधीच असेल तर जुनं खोडा, नवं लिहा. पुन्हा लाल अक्षरं आली नाहीत. राहिलेले फॉर्म झरझर भरले आणि गाडीही मिळाली.

मॅडम मंगळवारी सकाळी परत आल्या. आदल्याच दिवशी आमची वेबसाइट सुरू झाली होती. संस्थेनं पेढे वाटले होते, त्यातला एक आम्ही त्यांच्यासाठी ठेवला होता. त्यांनी तो पिशवीत टाकला आणि खुर्चीत बसून आधी आपलं खानदान भरलं. नवऱ्याचं नाव, नातं मामा. मग तेच नाव, नातं नवरा. आणि दोन्ही टोकांकडून विचारलं. इकडून नवरा दिसला. तिकडून बायको दिसली. मामा नाही आणि भाचीही नाही. मी मागून म्हणालो, मॅडम, नवरा आहे ना, बास की. त्या हसल्या नाहीत. त्यांनी बोटानं पडद्यावरची पुढची ओळ दाखवली. रक्ताचं नातं: नाही.

"तुमच्या विठ्ठलमामांचं टाका," त्या म्हणाल्या.

मी टाकलं. आधी मामा, मग आत्याचा नवरा, भिंतीवर आहे तसं. पडद्यावर आलं: आत्याचा नवरा. रक्ताचं नातं: नाही. ज्या मामाच्या मांडीवर माझं जावळ काढलं, त्या मामाशी माझं रक्ताचं काही नाही असं माझाच प्रोग्रॅम माझ्या तोंडावर सांगत होता. आता मला ती लाल अक्षरं आठवली, आणि ते किती फॉर्म होते ते आठवेना.

मॅडमनी उद्याची यादी मागितली. बुधवारी कुठले दाते येणार आणि त्यांचं रक्त कुणासाठी, याची. त्या एकेक नाव घेत आणि मी गठ्ठ्यातून पांढरा आणि पिवळा फॉर्म काढून देई. चौथं नाव अक्षराचं होतं. सहा वर्षांची मुलगी, शुक्रवारी तिला रक्त चढवायचं होतं, आणि बुधवारचा तिचा दाता होता राजू. पिवळ्या फॉर्मवर राजूचं नातं लिहिलेलं होतं, अक्षराच्या आत्याचा नवरा. पांढरा फॉर्म अक्षराच्या आईनं, सुजातानं भरला होता. तिनं लिहिलं होतं, माझा सख्खा भाऊ राजू, मुलीचा मामा. साटंलोटं, अगदी आमच्या घरातल्यासारखंच. रक्तदानाच्या शिबिरात राजूचा फॉर्म त्याच्या बायकोनं भरला होता, आणि तिनं आपल्या बाजूनं नातं लिहिलं. दोन्ही बायकांनी खरं तेच लिहिलं होतं. खोडलं होतं मी.

राजूला तिथं कुणी विचारलं असतं तर? तो काय सांगणार? यादीनं बोलावलं म्हणजे चालतंय, असंच धरून आला असता बिचारा, आणि भाचीसाठी हात पुढं केला असता.

मॅडमनी आधी डॉक्टरीणबाईंना फोन केला, मग राजूला. मग त्यांनी मला ती ओळ उघडायला लावली. कुठली ओळ कुणी कधी लिहिली हे प्रोग्रॅममध्ये दिसतं, आणि तिथं माझं नाव होतं. वाचा, म्हणाल्या. मी वाचली. हे का लिहिलं, असं विचारलं. मी म्हणालो, गाडी पकडायची होती.

"मिळाली का?"

"मिळाली."

"बरं झालं," असं म्हणून त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी उलटून बोललो असतो, तेवढा माज होता माझ्यात.

जमादारसाहेब धावत वर आले. त्यांचं म्हणणं, एकच केस आहे, ती हातानं काढून टाका, वेबसाइट बंद करू नका, कालच पेढे वाटलेत, संस्थेला काय तोंड दाखवू. माणूस वाईट नाही, पण त्यांना लोक काय म्हणतील याची फार धास्ती. मॅडम म्हणाल्या, "एक सापडली, साहेब. बाकीच्या कुठं आहेत ते तुम्ही सांगा, मी सगळ्या हातानं काढते." दात्यांची यादी आम्ही त्या मिनिटाला बंद केली. संस्थेला मॅडमनीच फोन करून सांगितलं, की आमच्याकडून चूक झाली आहे, आम्ही सांगेपर्यंत जुनी वही वापरा. चूक कुणाची ते सांगितलं नाही.

नियम दुरुस्त करायला फार वेळ लागला नाही. दोन माणसांत हवी तेवढी नाती असू देत, फक्त तेच नातं दोनदा नको, आणि त्यातलं एक जरी रक्ताचं निघालं तरी दाता बाद. पण जे खोडलं गेलं होतं ते प्रोग्रॅममधून परत येणार नव्हतं. ते फक्त कागदावर होतं. साहेब म्हणाले, ज्यांची शंका आहे तेवढे फॉर्म बघा. मॅडम म्हणाल्या, मला सगळ्यांचीच शंका आहे. आम्ही दोघं फरशीवर बसलो. मी फॉर्म वाचायचा, त्यांनी बाण काढायचा, आणि मग मी तेच नातं उलटीकडून वाचायचं. हिचा मामा तो. त्याची भाची ही. याचा काका तो. त्याचा पुतण्या हा. दुपारी लाईट गेली, पंखा थांबला, खालून दुकानातल्या माणसांचा कालवा वर येत होता. मी म्हणालो, जरा थांबू या का. त्या म्हणाल्या, तुम्ही थांबा, पण फॉर्म माझ्याकडं द्या. मग कसलं थांबतोय मी.

बुधवारचा पूर्ण दिवस आणि गुरुवारची दुपार गेली. राजूसारखी आणखी पाच नावं निघाली. पाच पोरं. त्यांची नावं मला अजून पाठ आहेत.

पण बुधवारी सकाळीच अक्षराचा प्रश्न उभा राहिला होता. राजू बाद, मग तिच्यासाठी दाता कोण? तिच्या यादीतल्या एकानं नुकतंच रक्त दिलं होतं, एक तापानं पडला होता, आणि एक उजनीच्या पाण्याकाठी कुठल्यातरी गावात होता, त्याचा फोन लागत नव्हता. मी एकामागून एक नंबर फिरवत होतो. मॅडम फरशीवरून उठल्या, साडी झटकली आणि म्हणाल्या, माझा तोच गट आहे, तासाभरात येते, तोवर पिवळे फॉर्म लावून ठेवा. वजनाच्या अटीत कशाबशा बसल्या म्हणे. तासाभरानं आल्या, दंडाला पट्टी होती, आणि कुठपर्यंत आलो विचारून परत खाली बसल्या. शुक्रवारी अक्षराला रक्त चढलं.

सुजाताला सगळा प्रकार डॉक्टरीणबाईंनी सांगितला होता. पुढच्या खेपेला तिनं संस्थेच्या रक्त चढवायच्या केंद्रावर नवा फॉर्म मागून घेतला आणि मुलीच्या नातेवाइकांत एक नाव वाढवलं. शकुंतला गड्डम, आजी. तिथल्या माणसानं ते वेबसाइटवर भरलं. प्रोग्रॅमनं आपलं काम चोख केलं. आजी म्हणजे रक्ताचं नातं, म्हणून मॅडमचं नाव अक्षराच्या दात्यांमधून काढून टाकलं. मॅडमना ते दिसलं तेव्हा आधी खूष झाल्या, की बघा, आता बरोबर चालतंय. आणि लगेच रिक्षा करून केंद्रावर गेल्या. मी बरोबर होतो. त्यांनी सुजाताला ते नाव खोडायला सांगितलं. सुजाताचं तोंड एवढंसं झालं. तिला वाटलं, बाईंना आवडलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "नातं लागलं तर रक्त देता येत नाही. मला रक्त द्यायचंय. पोरीला आजी आहे, दाते कमी आहेत."

सुजातानं खोडलं. अक्षरा बाकावर बसून आमच्याकडं बघत होती, हाताला सुई लावलेली. मॅडमनी तिच्याकडं बघितलंच नाही. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. एवढी कसली शिस्त, म्हटलं, एक शब्द तर होता. रिक्षात त्या सगळी वाट बाहेर बघत होत्या, आणि सात रस्त्याला आल्यावर कुणी न विचारता म्हणाल्या की मुलगी कालपेक्षा लाल दिसते. काल त्यांनी तिला बघितलं कधी, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर चार-चार महिन्यांनी त्या रक्त देऊन येत. ज्या दिवशी पाळी, त्या दिवशी दहाच्या ठोक्याला जात, अकराला परत, दंडाला पट्टी. प्रोग्रॅमही चालत राहिला. आठवड्याची नक्कल, एक माणूस पुसणं, सगळं तसंच. मी मात्र बदललो. लाल अक्षरं आली की मी आता खालून वर वाचतो, बोट लावून. नवीन मुलं हसतात.

रक्त द्यायला वयाची अट असते. पासष्ट झाली की बास. ते मोजायचं कामही आमचाच प्रोग्रॅम करतो, आणि तो नियम मॅडमनीच लिहिलाय. त्यांना पासष्ट पूर्ण झाली त्या सकाळी त्यांचं नाव सगळ्या पोरांच्या यादीतून आपोआप गेलं. त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं त्या हैदराबादला लेकीकडं कायमच्या निघाल्या होत्या. घर आवरून झालं होतं, सामान पुढं गेलं होतं. जमादारसाहेबांनी हार आणला होता, तो त्यांनी हातात घेतला आणि टेबलावर ठेवला. भाषणबिषण नको म्हणाल्या. थर्मास, पिशवी घेऊन त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"अक्षराचं पान उघडा," म्हणाल्या.

मी उघडलं.

"ते नातं टाका आता. आता कुणाचं नुकसान नाही."

मला कळायला क्षणभर लागला. मग मी आजी हा शब्द टाकायला गेलो. त्यांनी माझा हात धरला. खोटं लिहायचं नाही, म्हणाल्या. आधी नात्यांमध्ये मानलेलं असा नवा प्रकार करा, रक्ताचं नातं नाही असं त्यात स्पष्ट लिहा, तपासा, मग टाका. गाडीला तास-दीड तास राहिला होता. खाली रिक्षा उभी होती, रिक्षावाला दोनदा हाक मारून गेला होता. मी नवा प्रकार केला. नकलेवर चालवून बघितला. माणूस पुसून बघितला. मग टाकलं आणि वाचून दाखवलं: अक्षराची मानलेली आजी, शकुंतला गड्डम.

त्या उठल्या नाहीत. मी त्यांच्याकडं बघितलं, आणि मला दुसरं टोक आठवलं. मी त्यांचं स्वतःचं पान उघडलं. वर लिहिलेलं होतं, दाता: बंद. खाली नाती. नवरा. मामा. लेक. दोन नातवंडं. आणि शेवटी नवी ओळ आली होती.

"मानलेली नात," मी वाचलं, "अक्षरा."

मॅडमनी पडद्यावर त्या ओळीला बोट लावलं.

"परत वाचा," त्या म्हणाल्या.

एवढ्या वर्षांत, जे बरोबर आलंय ते त्यांनी मला कधी परत वाचायला लावलं नव्हतं. मी परत वाचलं.